ओनामा ते जोडाक्षर : वर्षाअखेरीस मूल काय शिकून घरी येते

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील व्याख्यानाचा मजकूर)



एप्रिल महिना लागला की लोणावळ्याच्या बाजारपेठेत दोन प्रकारची गर्दी एकाच वेळी दिसू लागते. एक गर्दी मुंबई-पुण्याच्या पाहुण्यांची. ती चिक्कीच्या दुकानांपुढे थांबते. दुसरी सकाळच्या शाळेतून सुटलेल्या लहान मुलांची. ती त्याच दुकानांवरून घराकडे जाते. घरी पोहोचताच या मुलांना एकच प्रश्न विचारला जातो : "पेपर कसा गेला?" पहिली-दुसरीच्या मुलाला पेपर चांगला जाणे म्हणजे काय, याची नीटशी कल्पना नसते. "चांगला" एवढे सांगून ते पाणी प्यायला धावते. पुढे १ मे रोजी निकाल हाती पडतो, श्रेणी पाहिली जाते, पेढे आणले जातात आणि एका वर्षाचे शिक्षण संपले असे सर्वांनी मानलेले असते. या वर्षात मूल नेमके काय शिकले, हा प्रश्न मात्र तसाच राहतो. आजच्या व्याख्यानाचा विषय तोच आहे.

या विषयाचा आरंभ मावळातल्याच एका दगडी भिंतीपासून करणे उचित ठरेल. कामशेतहून नाणे मावळात शिरले की पाले नावाचे गाव लागते. तेथील डोंगरात एक लहानसे लेणे आहे. कार्ले, भाजे, बेडसे येथील भव्य बौद्ध लेण्यांच्या मानाने ते अगदी साधे. पर्यटकांची पावले तिकडे क्वचितच वळतात. परंतु त्या लेण्यात ब्राह्मी लिपीत कोरलेला चार ओळींचा लेख आहे आणि त्याचा आरंभ 'नमो अरहंतानं' या शब्दांनी होतो. पुण्यातील थोर पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया आणि शोभना गोखले यांनी १९६० च्या दशकाअखेर त्याचे वाचन प्रसिद्ध केले. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातला हा लेख महाराष्ट्रातील सर्वांत जुना जैन शिलालेख मानला जातो. भदंत इंद्ररक्षिताने हे लेणे आणि त्यासोबतची पाण्याची पोढी करविली, असा त्यातला मजकूर. पोढी म्हणजे खडकात खोदलेले टाके.

येथे विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, हा लेख दोन हजार वर्षे त्या भिंतीवर होता. पावसाळ्यात आडोशाला येणाऱ्या माणसांच्या नजरेला तो पडतच असणार. अक्षरे सर्वांना दिसत होती. ती वाचणारा मात्र कोणी उरला नव्हता. जेम्स प्रिन्सेपने १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचा उलगडा केला, तोपर्यंत देशभरातल्या अशा सर्व लेखांची हीच स्थिती होती. ज्या माणसाला नवकार मंत्र जन्मापासून पाठ आहे, तोही त्या भिंतीपुढे उभा राहिला तर आपल्याच मंत्राचा पहिला शब्द ओळखू शकत नाही. अक्षर दिसणे आणि अक्षर वाचता येणे यांत एवढे अंतर आहे. पहिली ते तिसरी या तीन वर्षांत प्रत्येक मुलाला हे अंतर तोडावयाचे असते. पुष्कळ मुलांचे ते तुटत नाही आणि घरात कोणाच्या ध्यानातही येत नाही.

मराठीत कोणत्याही कार्यारंभाला 'ओनामा' म्हणतात. जुन्या काळी पंतोजीच्या शाळेत मूल बसले की धुळपाटीवर त्याच्याकडून पहिल्याप्रथम 'ओ ना मा सी धं' गिरवून घेत. 'ॐ नमः सिद्धम्' या मंगलवचनाचे हे मुलांच्या जिभेवर झालेले रूप. सिद्धांना केलेल्या या वंदनाचा जैन परंपरेशी निकटचा संबंध आहे, असे अनेक अभ्यासक मानतात. जैन विद्यार्थी शतकानुशतके ज्यावरून संस्कृत शिकले, त्या कातंत्र व्याकरणाचा आरंभही 'सिद्ध' याच शब्दाने होतो. म्हणजे मराठी मुलखात अक्षराची पहिली रेघ ओढताना जो शब्द उच्चारला जाई, तो या समाजाला परका नव्हे. त्यातला मौजेचा भाग असा, की ओनामा म्हणणाऱ्या बहुसंख्य मुलांना त्याचा अर्थ ठाऊक नसे. अर्थ ठाऊक नसताना म्हणणे, ही आपल्याकडची जुनी खोड आहे.

पाठशाळेत तीन-चार वर्षांची बालके सूत्रे घडाघडा म्हणतात तेव्हा सर्वांना कौतुक वाटते, आणि ते योग्यच आहे. मुखपाठाने या परंपरेतले ज्ञान शतकानुशतके टिकविले. परंतु याच परंपरेचा दुसरा अध्यायही विसरून चालणार नाही. स्मरणशक्ती क्षीण होत चालली, आता ग्रंथ लिहून ठेवले नाहीत तर श्रुत नष्ट होईल, या चिंतेने देवर्धिगणी क्षमाश्रमण यांच्या नेतृत्वाखाली वलभी येथे आगम ग्रंथारूढ झाले. दिगंबर परंपरेत पुष्पदंत आणि भूतबली या आचार्यांनी षट्खंडागम लिपिबद्ध केला. त्याची स्मृती श्रुतपंचमीला जागवली जाते. श्वेतांबर घरांत कार्तिक शुद्ध पंचमीला पोथ्या, वह्या आणि लेखण्या मांडून ज्ञानपंचमी साजरी होते. जिथे वहीची पूजा होते, त्या घरातल्या मुलाला वहीतले वाचता येते की नाही, ही चौकशी अप्रस्तुत म्हणता येणार नाही.

आता शाळेतल्या प्रत्यक्ष अभ्यासाकडे वळू या. पहिलीचे वर्ष संपताना मुलाला मुळाक्षरे आणि काना-मात्रा-वेलांटी-उकार यांनी बनलेले साधे शब्द वाचता यावेत, अशी अपेक्षा असते. आजी-आजोबांची येथे एक ठरलेली तक्रार असते : "पोराला क, ख, ग, घ क्रमाने येत नाही!" हल्ली अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने न शिकवता गटागटाने शिकवतात. चार-पाच अक्षरे आली की लगेच त्यांचेच शब्द आणि त्या शब्दांची वाक्ये. क्रम मागाहून येतो. म्हणून क्रम न आल्याची काळजी नको. 'कमळ' हा शब्द चित्रावर बोट झाकून वाचता येतो की नाही, याची काळजी करावी. बाराखडीचीही आता ॲ आणि ऑ मिळून चौदाखडी झाली आहे, हे जाता जाता सांगितले पाहिजे. नातवाला चूक ठरविण्यापूर्वी आजोबांनी ते ध्यानी घ्यावे.

मावळातल्या मुलाला एक अक्षर मात्र इतरांपेक्षा लवकर लागते, ते म्हणजे ळ. लोणावळा, खंडाळा, मळवली, तळेगाव आणि खुद्द मावळ, सारा परिसर या एका अक्षरावर उभा आहे. मारवाडी आणि गुजराती भाषांत ळ आहे, त्यामुळे त्या घरांतल्या मुलांना तो जड जात नाही. हॉटेलांत आणि बांधकामांवर उत्तरेकडून कामाला आलेल्या कुटुंबांची मुले मात्र 'लोनावला' म्हणतात आणि तसेच लिहितात. शिक्षिका त्याखाली लाल रेघ ओढते. ही चूक कानाची असते, बुद्धीची नव्हे. कानाने ळ ओळखला की हात तो लिहितो.

दुसरीत जोडाक्षरे येतात आणि खरी चढण येथे लागते. एकट्या र ची रूपे पाहावीत. 'कार्ले' मध्ये तो रफार होऊन डोक्यावर बसतो, 'इंद्रायणी'त पोटात शिरतो, 'ट्रस्ट' मध्ये पायाशी टोपीसारखा येतो आणि 'दऱ्या' मध्ये चंद्रकोरीसारखा पुढच्या अक्षराला बिलगतो. चारही शब्द मूल रोज ऐकते, चारही ठिकाणी उच्चार र चाच असतो आणि डोळ्यांना मात्र चार निराळ्या आकृती दिसतात. मोठ्या माणसाला हे जाणवत नाही, कारण तो कधीचा ते ओलांडून गेलेला असतो. दुसरीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जे मूल या चढणीवर मागे राहते, ते तिसरीत धडे वाचेनासे होते. आणि धडा वाचता येत नाही म्हणून परिसर अभ्यास येत नाही, उदाहरण वाचता येत नाही म्हणून गणित येत नाही. मग घरचे म्हणतात, "याला अभ्यासाची गोडीच नाही."

याची व्याप्ती किती आहे? 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' पाहणीनुसार २०२४ मध्ये भारताच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या मुलांपैकी २७ टक्क्यांच्या आसपास मुलांनाच दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. पाचवीतही हे प्रमाण निम्म्याच्या किंचित खालीच, ४८.८ टक्के होते. केंद्र शासनाने ५ जुलै २०२१ रोजी 'निपुण भारत' अभियान सुरू केले, ते याच चिंतेतून. तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाने मिनिटाला निदान ६० शब्द समजून वाचावेत, हे त्याचे उद्दिष्ट, आणि त्यासाठी २०२६-२७ या वर्षाची मुदत ठेवण्यात आली. महाराष्ट्रात २०२५ च्या मार्चमध्ये दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी वेगळा कृती कार्यक्रम आखला गेला. परीक्षाही त्या वर्षी लांबल्या. एरवी एप्रिलच्या मध्यालाच शांत होणारे वर्ग २५ एप्रिलपर्यंत भरले. पालकांनी उन्हाची तक्रार केली, आणि मावळातल्या दुपारच्या पत्र्याखालच्या वर्गात बसून पाहिले तर ती खोटी नव्हती.

"पेपर कसा गेला?" या प्रश्नाविषयी येथे थोडे सांगणे आवश्यक आहे. २०१० साली राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती आली. तीत पहिली-दुसरीसाठी आकारिक मूल्यमापनाला, म्हणजे वर्गातल्या रोजच्या निरीक्षणाला, तोंडी कामाला आणि कृतींना ७० टक्के भार दिला गेला आणि सत्राअखेरच्या परीक्षेला ३० टक्के. तिसरी-चौथीसाठी हे प्रमाण ६० आणि ४० होते. म्हणजे ज्या पेपरची घरात एवढी चर्चा होते, त्याला लहान वर्गांत शिक्षणतज्ज्ञांनीच दुय्यम स्थान दिले. दुसरीकडे शिक्षण हक्क कायद्यानुसार आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवले जात नसे. त्यामुळे वाचता न येणारे मूलही दरवर्षी वरच्या वर्गात गेले. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि महाराष्ट्रात २०२३-२४ पासून पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आली. तीत अनुत्तीर्ण झालेल्याची पुन्हा परीक्षा होते आणि तेव्हाही जमले नाही तर त्याला त्याच वर्गात बसावे लागते. तिसरीत झाकले गेलेले आता पाचवीत उघडे पडते. दहा वर्षांच्या मुलाने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकावे की आपल्याला वाचता येत नाही, ही शिक्षा त्याची एकट्याची नसावी.

हे सारे जिल्हा परिषदेच्या शाळांपुरते आहे, असे समजून कोणी निश्चिंत राहू नये. समाजातील बहुतेक घरांतली मुले आज इंग्रजी माध्यमात आहेत. तेथेही पाठ कविता, पाठ उत्तरे आणि सुंदर हस्ताक्षर यांच्याआड न वाचणारे मूल सहज लपते. त्याला ओळखण्याची युक्ती सोपी आहे. पुस्तकाचे पान म्हणताना त्याचे बोट कुठे आहे ते पाहावे. तोंड तिसऱ्या ओळीत आणि बोट पहिल्या ओळीत असेल तर ते वाचत नाही, आठवत आहे. पानाच्या मधलाच एखादा शब्द विचारावा. पुस्तकाबाहेरचे काही पुढे ठेवावे. घरात आलेली लग्नपत्रिका यासाठी उत्तम. तीत नावे, नाती, तारीख, स्थळ, जोडाक्षरे सारे असते आणि ती कोणी पाठ केलेली नसते. हे करताना रागावू मात्र नये. रागावलेल्या माणसापुढे मूल पाठांतराकडेच धाव घेते.

अंकांची गोष्ट या व्यापारी समाजाला अधिक जवळची वाटेल. मराठीत २१ ते ९९ हे आकडे शिकणे हे लहान मुलाच्या दृष्टीने मोठे संकट आहे. ६३ लिहिताना सहा आधी येतो, 'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी. ५९ मध्ये लिहायचे पाच आणि म्हणायचे 'एकोणसाठ'. हीच रीत ८९ पर्यंत चालते आणि ९९ ला मोडते, कारण 'एकोणशंभर' कोणी म्हणत नाही. २०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' असे वाचन प्रचलित 'एकवीस'च्या जोडीला दिले गेले, तेव्हा राज्यभर केवढा गदारोळ झाला, हे अनेकांना स्मरत असेल. गणित समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी तेव्हा शांतपणे समजावले की जुने शब्द काढलेले नाहीत, मुलांना संख्येची रचना कळावी म्हणून जोडीला नवे दिले आहेत. त्यांचे म्हणणे ऐकून घेण्यापेक्षा थट्टा अधिक झाली. २०२३ साली त्यांचे निधन झाले. त्यांनी दाखविलेली अडचण मात्र आजही दुसरीच्या प्रत्येक वर्गात आहे. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना तर 'पंचाहत्तर' म्हणजे किती हेच कळेनासे झाले आहे. गल्ल्यावर बसलेले आजोबा "पंचाहत्तर दे" म्हणतात आणि नातू तोंडाकडे पाहतो. ज्या घरांत एकेकाळी पावकी, निमकी, सवायकी आणि दिडकी तोंडपाठ असत, तेथली ही कथा आहे.

या परिसरातल्या आणखी काही मुलांचा उल्लेख केला नाही तर चित्र अपुरे राहील. लोणावळ्याचा पाऊस सर्वांच्या परिचयाचा. बहुतेक वर्षी तो चार हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. पवन मावळ आणि आंदर मावळातल्या वाड्या-वस्त्यांवरील मुलांचे जून ते सप्टेंबर हे महिने ओढे भरले, वाट निसरडी, शाळेला सुट्टी असे जातात. अभ्यासाला मोकळे असे खरे महिने दिवाळीनंतरचे. आणि नेमके दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांच्या कामाला बाहेर पडतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे ज्या काळात वर्ग जोडाक्षरे शिकतो, त्या काळात ही मुले वर्गात नसतात; आणि ज्या काळात ती परत येतात, तेव्हा निकाल लागून गेलेला असतो. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात वसईच्या बाजूला विधायक संसद या संस्थेने भट्ट्यांवरच 'भोंगाशाळा' चालवून या मुलांची सोय केली होती. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुरांची झोपडी. पुढे स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी शासनाने शिक्षण हमी कार्ड आणले. ते दाखवले की जिथे कुटुंब जाईल तिथल्या शाळेत मुलाला बसता येते. कार्ड खिशात असणे आणि भट्टीपासून शाळेपर्यंत कोणी हाताला धरून नेणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गेल्या पन्नास वर्षांत या ट्रस्टसारख्या संस्थांनी शिक्षणासाठी पुष्कळ दिले. वह्यावाटप, गणवेश, गुणवंतांचा सत्कार, शिष्यवृत्ती. त्यात काही कमी करावे असे सुचविण्याचा हेतू नाही. तथापि एक निरीक्षण नोंदविणे भाग आहे. सत्काराला व्यासपीठावर येणारे मूल आधीच वाचू शकणारे असते. वह्यावाटपाचे छायाचित्र चांगले येते. परंतु कोऱ्या वहीने कोणाला वाचता येत नाही. तिसरीच्या शेवटच्या बाकावर जे मूल आहे, त्याला वहीइतकीच गरज आहे ती शेजारी अर्धा तास बसणाऱ्या माणसाची. समाजात निवृत्त झालेले व्यापारी, घरची जबाबदारी सुनेवर सोपविलेल्या श्राविका, कॉलेजात जाणाऱ्या मुली आहेत. उपाश्रयाची ओसरी दुपारी रिकामी असते.

शासनाच्या 'पहिले पाऊल' शाळापूर्व तयारी मेळाव्यांत २०२२ पासून हेच तत्त्व वापरले गेले. पहिलीत दाखल होणाऱ्या मुलांना एप्रिल आणि जूनमध्ये शाळेत बोलावून वेगवेगळ्या टेबलांवर चित्रे, वस्तू, रंग, उड्या यांतून त्यांची तयारी पाहिली जाते. आणि मधल्या सुट्टीच्या काळासाठी वस्तीतल्या मातांचे गट करून त्यांच्या हाती सोपे साहित्य दिले जाते. त्यांतल्या काही माता स्वतः फारशा शिकलेल्या नसतात. तरीही डाळीचे दाणे मोजणे, भाज्यांचे गट करणे, गोष्ट सांगून प्रश्न विचारणे हे त्या उत्तम करतात. शिकविण्यासाठी पदवी लागतेच, हा समज त्यांनी खोटा ठरविला आहे.

१ मे ते जूनचा मध्य, हे सुमारे सहा आठवडे असतात. पहिली-दुसरीचे मूल या सहा आठवड्यांत नुकतेच शिकलेले पुष्कळ विसरते. शिक्षकांचा जूनमधला पहिला पंधरवडा ते परत आणण्यातच जातो. त्यासाठी शिकवणी लावण्याची आवश्यकता नाही. पुण्याकडे लोकलने जाताना मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव या स्थानकांच्या पाट्या मुलाने वाचाव्यात. गाडी सुटण्यापूर्वी वाचून होते का, ही स्पर्धा त्याला आवडते. देरासरातल्या फलकावरची सूचना त्याने आजीला वाचून दाखवावी, आजीचा चष्मा घरी राहिला असे समजावे. ज्यांचा चिक्कीचा व्यवसाय आहे त्यांच्याकडे तर पुस्तकांचे कपाटच आहे. खोक्यावरचे मोठे अक्षर वाचायला सांगू नये. मूल न पाहताच "चिक्की" म्हणेल. खोके उलटे करून, मागे बारीक अक्षरांत मराठी मजकूर असेल तर त्यावर बोट ठेवावे. 'घटक' ते वाचील, 'शेंगदाणे' वाचील, 'गूळ' वाचील. 'ग्लुकोज'पाशी थांबेल. त्या वेळी उत्तर सांगू नये. गिऱ्हाईक दोन मिनिटे थांबले तरी चालेल.